शाल, श्रीफळ आणि साबण

“…आणि ज्याला स्वतःलाच कळत नाही आपण बेसूर वाजवतोय, त्याचं काय करायचं, मास्तर?”

इनास मास्तरांनी मान वर केली नाही. दातांत धरलेला दोरा सोडवून त्यांनी तो बोटाला गुंडाळला.

“कोणाचं म्हणतोस?”

“कोणाचं असं नाही. सर्वसाधारण विचारतोय.”

“सर्वसाधारण…” मास्तर म्हणाले आणि पुन्हा कामाला लागले.

सर्वसाधारण प्रश्न विचारायला कोणी भर दुपारी स्कूटर दामटत येत नाही, हे मास्तरांना ठाऊक होतं. आणि त्यांना ते ठाऊक आहे, हे बॅसिललाही ठाऊक होतं. तरी तो ओटीवरच्या बाकड्यावर ताठ बसून राहिला.

बॅसिल डाबरे वसईच्या पट्ट्यातल्या एका हौशी चेंबर ऑर्केस्ट्राचा कंडक्टर. चेंबर ऑर्केस्ट्रा म्हणजे काही फौजफाटा नव्हे. अठरा माणसं, बहुतेकांच्या हाती व्हायोलिन, दोन चेलो आणि कोपऱ्यात एक डबल बेस. एक दाताचा डॉक्टर, दोन शिक्षिका, एक बेकरीवाला, बाकीचे असेच पोटापाण्याचं सांभाळून वाजवणारे. रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाली की सगळे शाळेच्या हॉलमध्ये जमत. गावात कंडक्टर म्हटलं की लोकांना अजून एसटीच आठवते; पण बॅसिल दोन वर्षं परदेशी शिकून आलेला, आणि आपण काय शिकून आलोय हे समोरच्याला कळावं अशी त्याची बोलण्याची तऱ्हा होती.

हा ऑर्केस्ट्रा उभा केला तो इनास मास्तरांनी. पस्तीस वर्षं चालवला. मग गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा छडी बॅसिलच्या हातात ठेवून ते घरी बसले. आता त्यांचं काम एवढंच उरलं होतं: व्हायोलिनच्या बोचे, म्हणजे गजाचे, झिजलेले केस काढायचे आणि घोड्याच्या शेपटीचे नवे केस भरायचे. सगळ्या पट्ट्यातले बो त्यांच्याकडे येत.

बॅसिलनं खिशातून घडी घातलेला कागद काढला. नव्या सीझनचं पत्रक होतं. ते सोमवारी छापायला जायचं होतं, आणि त्यावर मास्तरांच्या आशीर्वादाच्या दोन ओळी हव्या होत्या. पहिला कार्यक्रम ऑक्टोबरात शाळेच्या हॉलमध्ये, दुसरा नाताळात चर्चमध्ये, तिसरा जानेवारीत थेट मुंबईच्या एका मोठ्या सभागृहात, आणि चौथा ईस्टरआधीच्या उपवासकाळात, छोटासा. मुंबईचं सभागृह वाचताना त्याचा आवाज आपोआप जरा चढला.

“हे काय?” मास्तरांनी कागदाच्या तळाशी बोट ठेवलं.

तिथं लिहिलं होतं, पहिल्या कार्यक्रमात ज्येष्ठ वादक श्री. साल्वादोर लोपीस यांचा बत्तीस वर्षांच्या सेवेनंतर निवृत्तीनिमित्त सत्कार.

“सालूचा सत्कार?”

“हो. शाल, श्रीफळ, मानपत्र. कमिटीनं ठरवलंय.”

आपल्याकडे नकोशा माणसाला कोणी तोंडावर जा म्हणत नाही. त्याला स्टेजवर बोलावतात, शाल पांघरतात, चार लोक चांगलं बोलतात आणि हातात नारळ देतात. एखाद्याला नारळ दिला असं आपण म्हणतो, ते उगाच म्हणत नाही.

“निवृत्त होतो असं सालू म्हणाला?”

“स्वतःच आले होते घरी. म्हणाले, हात गेला.”

हे अगदी खरं होतं. खोटं होतं ते त्याच्या आधीचं.

त्याचं असं झालं. गेल्या महिन्यात मुंबईच्या त्या सभागृहाच्या एक बाई ऑर्केस्ट्रा ऐकायला येणार होत्या. त्यांना आवडलं तर जानेवारीची तारीख मिळणार होती. सगळं जमून आलं होतं. अडत होते ते फक्त सालूकाका. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला शहात्तर वर्षांचा हा माणूस सेकंड व्हायोलिनच्या, म्हणजे साथीच्या रांगेतल्या, शेवटच्या खुर्चीवर बसायचा आणि प्रत्येक वरचा सूर थोडा उतरूनच लावायचा. जोरात लावायचा, मनापासून लावायचा, आणि त्यात आनंदी असायचा. त्याला थांबवायचं कसं?

बॅसिलनं थांबवलं नाही. कार्यक्रमाच्या आधी सगळे चहाला गेले तेव्हा त्यानं सालूकाकांची पेटी उघडली आणि त्यांच्या बोच्या केसांवर साबणाची कोरडी वडी टोकापासून टोकापर्यंत दोनदा फिरवली. व्हायोलिन वाजतं ते केसांना राळ लावलेली असते म्हणून. राळेवर साबण बसला की केस तारेवरून नुसते घसरतात. हात हलतो, आवाज निघत नाही.

त्या दिवशी सालूकाकांचा हात तासभर हलत होता. बाई खूश झाल्या. सेकंड व्हायोलिन फारच नितळ वाजतात, असंही म्हणाल्या. बॅसिलनं वाकून आभार मानले होते. ते वाकणं आठवलं की आजही त्याचे कान तापत.

“बरं,” मास्तर म्हणाले. “जरा तो बो दे इकडे.”

बॅसिलनं टेबलाकडे पाहिलं. तिथं एकच बो पडला होता. धरायच्या जागी निळी इन्सुलेशन टेप घट्ट, एकसारखी गुंडाळलेली. अशी टेप फक्त टेलिफोनचा जुना लाइनमनच गुंडाळतो.

तो सालूकाकांचा होता. तरी त्यानं तो बो उचलून दिला.

“काल आणून दिला सालूनं,” मास्तर म्हणाले. “म्हणाला, हात तर गेलाच आहे, पण बोची काळजी घ्यायला हवी, नातीला देईन.”

बॅसिलनं पत्रक बाकड्यावर ठेवलं.

मास्तरांनी बो नाकाशी नेला. मग तो बॅसिलपुढे धरला.

“वास घे.”

त्यानं घेतला.

“कशाचा येतो?”

एका शब्दात सुटका होती. तो शब्द जिभेवर आलाही होता. पण परदेशी शिकलेला, अठरा माणसं ज्याच्या बोटाकडे बघतात असा माणूस म्हाताऱ्या गुरूसमोर साबण फासणारा ठरणार, हे काही त्याच्यानं सोसवेना.

“राळेचा,” बॅसिल म्हणाला.

“असेल,” मास्तर म्हणाले. “माझं नाक म्हातारं झालं.”

त्यांनी बो खाली ठेवला. मग भिंतीला धरून उठले, मोरीवर गेले आणि हात पुसत परत आले. त्यांच्या हातात साबणाची वडी होती.

“तुझा बो आणलायस?”

बॅसिलची पेटी बाकड्याखाली होती. ती लपवायला उशीर झाला होता. त्यानं बो काढून दिला. तो त्यानं परदेशातून आणलेला होता, आणि त्याला तो दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसे.

मास्तरांनी त्यावर साबण फिरवला. टोकापासून टोकापर्यंत. दोनदा.



“पहिल्या कार्यक्रमाची सुरुवात वाजव,” मास्तर म्हणाले आणि डोळे मिटून बसले.

बॅसिलनं व्हायोलिन खांद्याला लावलं. हात फिरू लागला, बोटं पडू लागली. कागद चुरगाळल्यासारखी थोडी सरसर सोडली तर ओटीवर काही ऐकू येत नव्हतं. शेजारच्या वाडीत कोणी तरी केळीला पाणी सोडत होतं, ते मात्र स्वच्छ ऐकू येत होतं. त्यानं दोन पानं वाजवली. तिसऱ्या पानावर त्याला एकदम कळलं की सालूकाकांनी हे तासभर केलं. सगळ्या गावासमोर, कोट घालून, आपला हात आपल्याला सोडून गेला असं समजत. पण मास्तर थांब म्हणत नव्हते म्हणून तो वाजवत राहिला.

शेवटी मास्तरांनी डोळे उघडले.

“छान. एक चूक नाही.”

“मास्तर, आवाजच नाही.”

“म्हणून तर.”

“…मास्तर, मी लावला होता तो साबण.”

“हं.”

“तुम्हाला कळलं होतं.”

“काल रात्रीच. चंदनाचा आहे.”

“मग विचारलं का नाहीत?”

“तू मला कशाला सांगतोस?” मास्तर म्हणाले. “हात काही माझा गेला नाही.”

बॅसिल खाली बसला. आता तो ताठ बसला नव्हता. त्यानं हळूहळू सगळं सांगितलं: बाई येणार होत्या, तारीख हवी होती, एवढ्या वर्षांत गावाला असं काही मिळालं नव्हतं, अठरा जणांचं भलं की एकाचं हा हिशेब त्यानं मनात मांडला होता. बोलता बोलता त्याला स्वतःचीच किळस येत गेली, कारण प्रत्येक वाक्य बरोबर होतं. मास्तरांनी ते ऐकून घेतलं की नाही, कळलं नाही. ते सालूकाकांच्या बोमधून जुने केस उपटून काढत होते.

“माझे हात थरथरतात,” ते म्हणाले. “हे नवे केस धर. दोन्ही टोकं ताणून. एकही सुटता कामा नये.”

पांढऱ्या केसांची ओली जुडी त्यांनी बॅसिलच्या दोन्ही हातांत दिली आणि एका बारीक फणीनं ते ती विंचरू लागले.

“सालू पाचाला येतो,” फणी फिरवता फिरवता ते म्हणाले.

बॅसिलनं घड्याळाकडे पाहिलं. पाचाला सात कमी.

जुडी सोडली असती तर दीडशे केसांचा गुंता झाला असता. घट्ट धरावी तर पळता येईना. मागच्या दाराकडे त्यानं एकदा पाहिलं, हे मास्तरांनी पाहिलं, आणि फणी तशीच चालू ठेवली.

सालूकाका पाचाला पाच मिनिटं कमी असतानाच आले. टेलिफोन खात्यात माणूस वेळेवर जायला शिकतो. हातात कागदी पुडा होता. बॅसिलला पाहून त्यांचा चेहरा खुलला.

“बॅसिल आहे होय? बरं झालं. ही सुकेळी आणलीत इनासला, तू पण घे. अरे, हात गुंतलेत तुझे… थांब.” आणि त्यांनी वाळवलेल्या केळ्याचा एक तुकडा डाव्या हातानं मोडून सरळ बॅसिलच्या तोंडात घातला.

त्या सुकेळ्याइतकं गोड आणि गिळायला कठीण असं काही बॅसिलनं आयुष्यात खाल्लं नव्हतं.

सालूकाका बसले. उजवा हात त्यांनी मांडीवर उताणा ठेवला होता, कोणी विसरून गेलेल्या वस्तूसारखा. म्हणाले, सत्काराचं ऐकलं, एवढं कशाला करता, मी काय मोठा वाजवणारा. मग सांगू लागले की डॉक्टरला दाखवलं, तो म्हणतो काही नाही. पण त्याला काय कळतंय. त्यांच्या बापाचा हात असाच एका दिवसात गेला होता. आधी हात, मग वाचा, मग माणूस. महिनाभर त्यांनी व्हायोलिन काढलं नव्हतं. भीती वाटते म्हणाले. पुन्हा तसंच झालं तर?

“उजव्या हातानं घास घेतो तोही सांभाळून घेतो,” ते म्हणाले आणि हसले. “सून हसते मला.”

बॅसिलनं मास्तरांकडे पाहिलं. मास्तर फणीत अडकलेला केस काढत होते.

“काका,” बॅसिल म्हणाला.

“काय रे?”

“तुमचा हात गेलेला नाही.”

“डॉक्टर पण असंच…”

“मी तुमच्या बोच्या केसांना साबण लावला होता. कार्यक्रमाच्या आधी. तुमचा आवाज येऊ नये म्हणून.”

सालूकाका त्याच्याकडे बघत राहिले. बॅसिलला खाली बघावंसं वाटलं, पण हातात केस होते आणि मान खाली घातली की जुडी सैल होत होती. म्हणून त्याला त्यांच्या डोळ्यांत बघावं लागलं. शिवी येईल, असं त्याला वाटलं. यावी, असंही वाटलं.

“म्हणजे…” सालूकाका म्हणाले. “हात ठीक आहे माझा?”

“हो.”

“अगदी ठीक?”

“हो, काका.”

त्यांनी उजवा हात मांडीवरून उचलला, मूठ मिटली, उघडली. पुन्हा मिटली. मग त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ते रडू लागले. मोठ्यानं, लहान मुलासारखं, बराच वेळ. “देवा, तुझे उपकार,” एवढंच मधूनमधून ऐकू येत होतं.

शिवी आली असती तर बॅसिलला निदान कुठं तरी टेकायला जागा मिळाली असती. हे उपकार ऐकताना त्याला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. तो जुडी धरून बसला होता आणि स्वतःचे डोळे पुसायलाही हात मोकळा नव्हता.

 मास्तरांनी जुडीला गाठ मारली, ती बोच्या टोकाशी बसवून लाकडाची पाचर ठोकली, दुसरी गाठ मारली, दुसरी पाचर ठोकली. मग नव्या केसांवर पुष्कळ वेळ राळ घासली आणि बो सालूकाकांपुढे धरला. बॅसिलनं आपलं व्हायोलिन दिलं.

सालूकाकांनी डोळे पुसले. बो तारेवर ठेवताना त्यांनी श्वास रोखला होता. आणि आवाज निघाला. मोठा, भरलेला, ओटीच्या पत्र्यापर्यंत जाणारा. शहात्तर वर्षांचा माणूस खुर्चीतून अर्धा उठला. त्यांनी आपल्या भागाची दोन्ही पानं पाठ वाजवली, आणि प्रत्येक वरचा सूर नेहमीसारखा, निष्ठेनं, उतरून लावला.

शेवटच्या सुरावर थांबून त्यांनी बॅसिलकडे पाहिलं. चेहरा उजळला होता.

“कसं वाजलं?”

एवढं सगळं झाल्यावर माणूस दुसरं काय म्हणणार?

“छान वाजलं, काका,” बॅसिल म्हणाला.

मास्तरांनी टेबलावरची साबणाची वडी उचलली आणि मुकाट्यानं बॅसिलपुढे धरली.

 सालूकाका वडीकडे पाहत होते, मग बॅसिलकडे, मग पुन्हा वडीकडे. त्यांना काही कळलं नव्हतं. बॅसिलला कळलं होतं. मघाच्या कबुलीनं आपण मोकळे झालो, असं त्याला आत कुठं तरी वाटू लागलं होतं; ते सगळं गळून पडलं. ती कबुली सोपी होती. खरी अवघड गोष्ट महिन्यापूर्वीही एका वाक्याची होती आणि आताही एका वाक्याचीच होती.

“काका,” तो म्हणाला, “तुमचं तिसरं बोट खाली पडतं. वरचे सूर उतरतात.”

“…उतरतात?”

“हो.”

“आज? महिनाभर हात लावला नाही म्हणून?”

“नाही. नेहमीच.”

सालूकाकांनी व्हायोलिन मांडीवर ठेवलं. “किती दिवस?”

“मी लहान होतो, तुमच्या पुढच्या खुर्चीवर बसायचो. तेव्हापासून.”

गोष्टीत अशा जागी म्हातारी माणसं हसतात आणि शहाण्यासारखं काही तरी म्हणतात. सालूकाका हसले नाहीत. त्यांचा चेहरा लाल झाला, मग उतरला.  मघाशी साबणाचं ऐकूनही जो माणूस दुखावला नव्हता, तो आता दुखावला होता आणि ते झाकायचं त्याला सुचतही नव्हतं. तो बत्तीस नाताळ मागे जाऊन एकेक सूर ऐकत असावा.

“सगळ्यांना ऐकू यायचं?”

“हो.”

“आणि सगळे मला… छान म्हणायचे.”

बॅसिल गप्प राहिला. आता गप्प राहणं खोटं नव्हतं.

सालूकाकांनी हळूच मान वळवली.

“इनास,” ते म्हणाले. “तुझा कान तर देवानं दिलेला. तुला पण ऐकू यायचं?”

मास्तरांच्या हातात साबणाची वडी तशीच होती. बॅसिलनं त्यांना कधी उत्तरासाठी अडलेलं पाहिलं नव्हतं. अवघड पोराला, हटवादी फादरला, भांडखोर कमिटीला, सगळ्यांना त्यांच्याकडे एक ओळ तयार असे. आता त्यांचे डोळे जमिनीवर होते, आणि कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. एकोणऐंशी वर्षांच्या माणसाला लाजेनं लाल होताना बॅसिल पहिल्यांदा पाहत होता. त्याला वाटलं, आपण इथं असायला नको होतं.

“यायचं, सालू,” मास्तर म्हणाले.

“पहिल्या वर्षापासून?”

“पहिल्या दिवसापासून.”

“मग सांगितलं का नाहीस? तेव्हा माझी बोटं चाळिशीची होती. तेव्हा वळली असती.”

मास्तरांनी वडी टेबलावर ठेवली.

“तू खूश असायचास,” ते म्हणाले. “आणि तुला मी आवडायचो… ते मला हवं होतं.”

सालूकाका उठले. व्हायोलिन त्यांनी जपून बॅसिलच्या हातात दिलं, बो टेबलावर ठेवला. कोणाकडे न बघता ते ओटीच्या पायऱ्या उतरले आणि अंगणात आंब्याच्या बुंध्याशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. घरी गेले नाहीत. पण परतही फिरले नाहीत. उजव्या हाताची मूठ ते मिटत होते आणि उघडत होते.

ओटीवर गुरू आणि शिष्य बसून राहिले. बाहेर ऊन उतरत होतं. पत्रक बाकड्यावर पडलं होतं, त्यावर केसांचं पाणी सांडून सत्काराची ओळ फुगली होती. बॅसिलनं ते उचललं, पेन काढलं आणि ती ओळ खोडली. मग सेकंड व्हायोलिनच्या नावांपाशी पेन आणून तो थांबला. सहा आठवडे होते. शहात्तराव्या वर्षी तिसरं बोट वळतं का, हे कुठल्याच देशात त्याला कोणी शिकवलं नव्हतं. वळलं नाही तर मुंबईचं काय, तेही त्याला कळत नव्हतं. शरमेनं त्याचं डोकं सुन्न झालं होतं, आणि अशा वेळी शिष्य जे करतो तेच त्यानं केलं. गुरूकडे पाहिलं.

“मास्तर… आता यांना सीझनमध्ये ठेवू की नको?”

मास्तर अंगणाकडे बघत होते.

“बाहेर जा,” ते म्हणाले, “आणि त्याला विचार… तो आपल्या दोघांना ठेवतोय का.”